वरठीची फोटोवाली

वरठीच्या स्टेशनाकडून स्टील कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तृप्तीचा फोटो स्टुडिओ आहे. एक खोली, एक निळा पडदा आणि भिंतीवर नवरा-नवरीच्या मोठ्या तसबिरी. लग्नघरी ती कॅमेरा घेऊन उतरली की सुरुवातीला लोक तिलाच विचारायचे, "फोटोवाला कुठी आहे?" ती हसून पट्टा गळ्यात अडकवायची आणि कामाला लागायची.

तिचे बाबा, भैय्यालाल, कारखान्यात होते. यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान गेले. घरात त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, ओठ नीट हलवून बोलावं लागे. ओठांवरून बोलणं ओळखायला ते शिकले आणि लेकीलाही शिकवलं. रविवारी दोघं स्टेशनावर बसत आणि पलीकडच्या फलाटावरची माणसं काय बोलत आहेत, ते एकमेकांना सांगत. एकदा एक बाई नवऱ्याला काय म्हणाली ते कळून दोघं इतके हसले, की ती बाई रागाने पाहू लागली.

कोरोना सरल्यानंतरच्या हिवाळ्यात कोंढ्याचे सोमाजी तिच्याकडे आले. धानाची शेती करणारे, अंगात पांढरा सदरा, बोलणं मोजकं. त्यांच्या उर्वशीचं लग्न तुमसरच्या भुपेंद्रशी ठरलं होतं. तो नागपूरला हिंगण्याच्या कारखान्यात मशीन चालवायचा. आजकाल सगळेच काढतात तसे लग्नाआधीचे फोटो नागपुरात काढायचे, असं पोरापोरीचं म्हणणं. सोमाजींना ते पसंत नव्हतं.

"पण फोटो काढणारी बाई आहे म्हणून मी हो म्हटलं," ते म्हणाले. "पोरीले तुमच्या भरोशावर सोडून राहिलो, बेटा."

"काळजी नका करू, काकाजी. जशी नेते तशी आणून देते," तृप्ती म्हणाली.

ठरल्या दिवशी सोमाजींनी उर्वशीला पहाटेच मोटारसायकलवर वरठीला आणून सोडलं आणि दोघी गाडीने नागपूरला गेल्या. भुपेंद्र स्टेशनाबाहेर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन पाण्याच्या बाटल्या. त्याने मान हलवून नमस्कार केला.

झिरो माइलपाशी काही फोटो काढले, मेट्रोत काही. एकही धड निघेना. "काही तरी बोला न एकमेकांसंग," तृप्ती म्हणायची. "आवाज थोडीच येणार आहे फोटोत." उर्वशी काहीतरी विचारायची, भुपेंद्र हसायचा, मान हलवायचा आणि दुसरीकडे पाहायचा. दुपारपर्यंत उर्वशीनेही विचारणं सोडून दिलं.

अंबाझरीच्या बागेत ती साडी बदलायला गेली. तृप्ती पदराला पिन लावून देत होती. आरशात पाहत उर्वशी हळूच म्हणाली, "ताई, त्यायले मी पसंत नसन."

"काहून असं म्हणतेस?"

"फोन केला तर उचलत नाहीत. मेसेज मात्र लंबे लंबे पाठवतात. साखरपुड्यातबी त्यायच्या आत्याच बोलल्या सगळं. आता समोर आहेत, तरी तोंड उघडत नाहीत." तिचे डोळे भरले, आणि काजळ बिघडेल म्हणून तिने मान वर करून धरली.

उर्वशीला आतच बसवून तृप्ती बाहेर आली. भुपेंद्र बाकावर बसला होता.

"भुपेंद्रभाऊ, तुमच्या मनात नसन हे लग्न, तर तिले सांगून टाका," ती सरळच म्हणाली.

तो दचकून उठला. "नाही... म... म..." शब्द घशात अडला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले गेले. तृप्तीला कळलं. पुढचा शब्द तिच्या ओठांवर आला होता, पण तिने तो उच्चारला नाही. ती थांबली.

"मले पसंत आहे," तो अखेर म्हणाला. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसं सांगू लागला. लहानपणापासून त्याचं बोलणं अटकायचं. आत्याने बजावलं होतं, लग्न होईपर्यंत चूप राहा.

तृप्तीला त्या आत्याचा राग आला, भुपेंद्रची कीवही आली. "मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "पण काकाजींनी पोरगी माझ्या भरोशावर धाडली. हे माहीत असून मी त्यायच्यासमोर कशी उभी राहू? तुम्हीच सांगा. आजच सांगा."

"अन् ती न... नाही म्हणाली तर?"

"तेबी तिच्याच तोंडून ऐका."

ऊन उतरताना तिघं फुटाळा तलावावर आले. काठावर भुट्टे भाजणारे बसले होते. उर्वशीने एक भुट्टा घेतला. "मी दुरून काढते," तृप्ती म्हणाली आणि बरीच लांब जाऊन कठड्याला टेकून उभी राहिली. कॅमेऱ्याला तिने मोठी लेन्स लावली.

लेन्समधून दोघं अगदी जवळ आले. भुपेंद्रचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. उर्वशीचा भुट्टा तोंडापाशीच राहिला. "मी," असं त्याने म्हटलेलं तृप्तीला कळलं. मग "तुले." पुढचंही कळलं असतं; स्टेशनावरची सवय होती. पण हे बोलणं तिच्यासाठी नव्हतं. तिने कॅमेरा वळवला आणि तलावाच्या त्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया, पाण्यात उतरलेल्या म्हशी यांचे फोटो काढत राहिली. 

पुन्हा वळून पाहिलं तेव्हा तो अजून बोलतच होता. उर्वशी घाई करत नव्हती, मध्ये शब्द घालत नव्हती. तो थांबला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणाली आणि अर्धा खाल्लेला भुट्टा त्याच्यापुढे धरला. त्याने घेतला. तो हसला, तसा सकाळपासून एकदाही हसला नव्हता. तृप्तीने तेव्हा फोटो काढला.

परतीच्या गाडीत उर्वशी खिडकीशी बसली. मग म्हणाली, "ताई, मले वाटलं होतं गर्व असन. भेव होतं त्यायले."

वरठीला सोमाजी फलाटावरच उभे होते. तृप्तीने काही बोलायच्या आत उर्वशीनेच सांगितलं, "बाबा, ते बोलताना अटकतात. आपल्यापासून लपवलं होतं. पण त्यायनी आज मले स्वतःहून सांगतलं. मले चालते."

 सोमाजींचा चेहरा कठीण झाला. त्यांनी तृप्तीकडे पाहिलं. "तुम्ही पाहिलं त्या पोराले दिवसभर. कसा आहे?"

"चांगला आहे, काकाजी," ती म्हणाली. "लपवल्याचं दुखत होतं त्याले."

पुढच्या आठवड्यात सोमाजी एकटेच तुमसरला गेले. आत्याला चार शब्द सुनावले, मग भुपेंद्रला घेऊन बाजारात चहा प्यायला बसले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, घरी येऊन एवढंच म्हणाले, "मांडवाचं पाहा आता."

लग्न कोंढ्याला झालं. भुट्ट्याचा फोटो मोठा करून दारात लावला होता. सोमाजी त्यावर कुरकुरले, "खाताखाताचा फोटो कोणी लावते का?" पण तो उतरवू दिला नाही.

जेवणाच्या पंगतीत बायांनी भुपेंद्रला घेरलं. नाव घ्या, नाव घ्या. तो उभा राहिला आणि पहिल्याच अक्षरावर अडला. एक मावशी हसून मदतीला धावली, "उर्व..." उर्वशीने तिचा हात धरला. "थांबा, मावशी. ते घेतात."

 वाढणारे पातेली धरून उभे राहिले. तृप्ती कॅमेरा चालू ठेवून वाट पाहत होती. भुपेंद्रने श्वास घेतला, बायकोकडे पाहिलं आणि तिचं नाव घेतलं, सावकाश, पूर्ण, तिच्या वडिलांच्या नावासकट. उर्वशीने त्याच्या ताटात जिलेबी वाढली, आणि बाया पंगतीतल्या दुसऱ्या नवऱ्यांना नाव घ्यायला सांगू लागल्या.