हिरोची आई

वडवणीच्या बाजारपेठेत माझं कटलरीचं दुकान आहे. टिकल्या, पिना, रिबिनी, मेंदी, केस काळे करायच्या पुड्या. वडिलांनी ते टाकलं, वडील गेल्यावर आई बसायची, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी बसते. लग्न राहून गेलं. कुणी मुद्दाम राहू दिलं असं नाही. आईचं दुखणं लांबत गेलं, भाऊ पुण्याला गेला तो तिकडचाच झाला, आणि बघायला येणारी माणसं हळूहळू यायची थांबली. आई गेल्यापासून दुकानामागच्या दोन खोल्यांत मी एकटीच असते. माझे केस फार लवकर पांढरे झाले. दिवसभर गिऱ्हाइकांना पुड्या विकते, पण स्वतःच्या डोक्याला कधी एखादी लावावीशी वाटली नाही. लावायची तर कुणासाठी, असं वाटायचं.

त्या केसांमुळेच एक मुलगी माझ्या दुकानात येऊन थबकली.

सिनेमाची माणसं आमच्या भागात आल्याचं कानावर होतं. पालीच्या धरणाजवळ एक घर त्यांनी घेतलं होतं. ही मुलगी त्यांच्यातलीच, कलाकार निवडायचं काम तिच्याकडे. टिकल्यांची पाकिटं घ्यायला आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"मावशी, सिनेमात काम कराल का? हिरोच्या आईचं आहे. मुंबईहून येणाऱ्या बाई आजारी पडल्यात."

मी हसले. "हिरो कोण हाय?"

तिनं नाव सांगितलं आणि माझ्या हातातली पाकिटं काउंटरवर सांडली.

त्याचा पहिला सिनेमा आला तेव्हा मी शाळेत होते. बीडला मामाच्या घरी गेल्यावर तो पाहिला, मग हट्ट करून पुन्हा पाहिला. त्याच्या वाढदिवसाला पेपरात मजकूर यायचा, त्यावरून मी हिशेब लावला होता. तो माझ्याहून एका वर्षानं मोठा. तेव्हा ते अंतर मला अगदी योग्य वाटायचं. का योग्य, ते कुणाला सांगायची सोय नव्हती. पुढं मोबाइल आला, त्यात त्याचं वय बघितलं, तर तो माझ्याहून चार वर्षांनी लहान झालेला. मी पुढं गेले आणि तो मागंच थांबला. त्याच्या हिरॉइनी बदलत गेल्या. माझ्या वयाच्या होत्या त्या बघता बघता दिसेनाशा झाल्या आणि त्याच्या शेजारी विशीतल्या पोरी नाचू लागल्या. तरी त्याचा एकही सिनेमा मी सोडला नाही. आईला औषध देऊन झालं की तिच्या उशाशी बसून टीव्हीवर आवाज बारीक करून बघायचे.

मी मुलीला हो म्हणून टाकलं.

शेजारी आक्काचं शिलाईचं दुकान आहे. माझ्याहून वयानं बरीच मोठी, तोंडानं फटकळ. तिला सांगितलं तर तिनं मशीनवरचा पाय थांबवला.

"आगं, तू अन् त्यो बराबरीचे हाव की! तू आई कशी व्हशील? कावून हो म्हणलीस?"

"बघायला तरी मिळंल, आक्का. जवळून."

 दुसऱ्या दिवशी तिनंच मला सुती नऊवारीवरची चोळी शिवून दिली.

शूटिंगच्या दिवशी धरणाकडच्या रस्त्यावर सकाळपासून ही गर्दी. आजूबाजूच्या गावांची पोरं झाडांवर, ट्रॅक्टरवर, पत्र्यांवर चढलेली. त्याची गाडी आली तसा एकच गलका झाला. तो काळा चष्मा लावून उतरला. जुन्या एका सिनेमात त्यानं धावत येऊन गाडीच्या बॉनेटवरून उडी मारली होती, ती उडी सगळ्या मराठवाड्याला पाठ. पोरं तेच ओरडायला लागली. उडी, उडी! त्यानं हात जोडले. कुणी ऐकेना. मग त्यानं बॉनेटवर हात टेकला, एक पाय वर घेतला आणि मध्येच थांबून नुसता हात हलवला. मी त्या घराच्या ओसरीवरून पाहत होते. पाय खाली टेकताना त्यानं ओठ दाबले ते मला दिसलं.

"म्हातारा झाला बे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि लोक हसले. तोही हसला. मला मात्र त्या पोराचा असा राग आला, जणू ते मलाच म्हटलं होतं.

प्रसंग साधा होता. मुलगा कित्येक वर्षांनी घरी येतो, आई बाजेवर बसलेली असते, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवतो. दिग्दर्शकानं माझे केस पाहून मान डोलावली. "विगची गरजच नाही." मेकअपवाल्यानं मात्र माझ्या चेहऱ्यावर आणखी सुरकुत्या काढल्या. शेजारच्या खुर्चीत त्याच्या सुरकुत्या झाकायचं काम चाललं होतं. एकाच आरशात आम्ही दोघं. माझं वय चढत होतं, त्याचं उतरत होतं.

मग मेकअपवाला मला हळूच म्हणाला, "बाई, डोक्यावरून हात फिरवू नका. पुढचे केस लावलेले आहेत. निघतील."

"मग आई हात कुठं ठेवणार?"

"खांद्यावर ठेवा."

ढग आले म्हणून काम थांबलं. सगळे बाहेर गेले. बाजेवर मी आणि बाजेच्याच कडेला तो. लहानपणापासून कितीदा मनात बोलले होते त्याच्याशी, आणि आता मी नुसती पदराचं टोक गुंडाळत बसले. त्यानंच पाण्याची बाटली पुढं केली.

"घ्या ताई. ऊन आहे फार तुमच्याकडं. मुलं किती तुम्हाला?"

"नाहीत. लग्न नाही केलं."

तो थोडा ओशाळला. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, "रागावणार नसाल तर विचारू? वय काय तुमचं?"

मी सांगितलं. 

"म्हणजे मी मोठा तुमच्यापेक्षा."

"एका वर्षानं," मी म्हणाले.

हे मला कसं ठाऊक, असं त्यानं विचारलं नाही. त्याला सवय असावी. तो गुडघा चोळत होता.

"मागं एका सिनेमात मी पांढरे केस ठेवले होते. बापाचं काम होतं, चांगलं होतं. सिनेमा पडला. मग एका कार्यक्रमात एक गृहस्थ भेटले, माझ्याच वयाचे. इतके चिडले होते. म्हणाले, आम्ही तुमच्याकडं बघून दिवस काढतो, तुम्हीच असे दिसायला लागलात तर आम्ही कुणाकडं बघायचं?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"सॉरी म्हणालो. काय म्हणणार?"

तो सिनेमा मीही पाहिला होता. अर्ध्यातच टीव्ही बंद केला होता. बोलण्यासारखं ते एवढंच होतं माझ्याजवळ, आणि ते बोलता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "घरी कोण असतं तुमच्या?"

"कामाची माणसं असतात," तो म्हणाला. तेवढ्यात ऊन पडलं आणि बाहेरून हाका आल्या.

मला एकच वाक्य होतं. "आलास का रे बाळा?" मी म्हटलं, तर दिग्दर्शक ओरडला, "तरुण वाटतंय! म्हातारा आवाज काढा." दुसऱ्यांदाही त्याला पटलं नाही. मग मला आई आठवली. शेवटच्या दिवसांत दुकानाचं दार वाजलं की ती आतून हाक मारायची, भाऊ आला असं समजून. मी काही बोलायचे नाही, आत जाऊन तिच्याजवळ बसायचे. त्या आवाजात मी म्हणाले, "आलास का रे बाळा?" तो आला, मांडीवर डोकं ठेवलं. मी खांद्यावर हात ठेवला.  'कट' म्हटल्यावरही तो लगेच उठला नाही. मीही हात काढला नाही. मग कुणीतरी त्याला हाताला धरून उठवलं आणि तो माझ्या पाया पडून निघून गेला. पुन्हा आमची गाठ पडली नाही.

त्यानंतर बाजारात माझं नावच बदललं. "हिरोची आई, मेंदी द्या," अशा बाया हसत म्हणायच्या. जन्मात कुणी मला आई म्हणालं नव्हतं. थट्टेनं का होईना, ऐकायला बरं वाटायचं. मी केस नीट विंचरून दुकानात बसू लागले.

सिनेमा बीडला लागला त्या दिवशी कुणाला न सांगता मी सकाळची एसटी धरली. पहिल्यांदा एकटीनंच बघायचा होता. थिएटरात पोरांच्या शिट्ट्या. मी माझ्या प्रसंगाची वाट बघत राहिले. हिरो घरी आला. घर तेच, बाज तीच, पण रिकामी. त्यानं भिंतीकडं पाहिलं. तिथं माझा फोटो होता, हार घातलेला. त्यानं हात जोडले, आणि पुढच्या क्षणी गाणं सुरू झालं.

मी शेवटपर्यंत बसले. उठून कुठं जायचं तेही सुचत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी त्या मुलीचा फोन आला. बिचारी अवघडली होती. "मावशी, तुमचं काम सगळ्यांना आवडलं होतं. पण शेजारी शेजारी तुम्ही दोघं बरोबरीचे दिसायला लागलात. त्या मांडीवरच्या शॉटमध्ये तर सर तुमच्याहून थकलेले दिसतात. लोकांना ते चाललं नसतं."

"त्यांनी सांगितलं काढायला?"

ती म्हणाली, "सर म्हणाले होते, तो शॉट राहू द्या. पण ते एकट्याच्या हातात नसतं."

मी ठेवते म्हणाले आणि फोन ठेवला. राग आला नाही. तो प्रसंग आता कुणाकडेच नव्हता, आम्हा दोघांच्या आठवणीत असेल तेवढाच. त्याच्या आठवणीत असेल की नाही, तेही मला कळायची वाट नव्हती.

आक्का तिच्या सुनेबरोबर सिनेमा बघून आली ती थेट माझ्याकडं, चपलासुद्धा न काढता. डोळे लाल.

"जित्या माणसाला हार घालत्यात का? लाज न्हाई वाटत मेल्यांना!"

"आक्का, सिनेमा हाय तो."

"आसूं दे. बस तू हितं."

तिनं माझ्या डब्यातलं मीठ घेतलं, मोहऱ्या घेतल्या, मला पाटावर बसवलं आणि तोंडानं काहीबाही पुटपुटत माझ्यावरून उतरवायला लागली. माझी दृष्ट काढणारं घरात कुणी उरलं नव्हतं, ते मी पार विसरून गेले होते. मूठ पेटत्या गॅसवर टाकली तशा मोहऱ्या तडतडल्या. आक्का खोकली, मीही खोकले. मग तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, कपाळापासून पार मागं अंबाड्यापर्यंत, आणि म्हणाली, "लई लागली व्हती गं तुला."

तिची सून बाहेरून हाका मारत होती. घरी स्वयंपाक राहिला होता. आक्का गेली, आणि मी तशीच पाटावर बसून राहिले.