बोटीला ब्रेक नसतो

शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली, पण सांगण्यासारखे किस्से जेमतेम चार. धरणाच्या घाटावर येऊन अजून तीन वर्षं झाली नाहीत आणि किस्से इतके झालेत की जेवताना सुरुवात केली तर बायको म्हणते, "आधी घास गिळा, मंग बोट बुडवा."

आमचं गाव कळमनुरी तालुक्यातलं. घाट म्हणजे धरणाच्या पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. तिथं गावातल्या बचत गटाच्या अकरा बायकांच्या दोन मोटरबोटी आहेत. सुट्टीच्या दिवशी आलेल्या लोकांना पाण्यातून फिरवून आणायचं, हा त्यांचा धंदा. गटाच्या अध्यक्ष रुक्मिणबाई. परवानगीच्या कागदावर दोन अटी मोठ्या अक्षरात होत्या. जॅकेट घातल्याशिवाय कोणी बोटीत बसायचं नाही. आणि अपघाताची किंवा कोणाला त्रास झाल्याची एक जरी तक्रार आली, तर घाटाला कुलूप.

रुक्मिणबाईंनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. "सर, तुमच्या शिट्टीला आख्खी शाळा भेत होती. ती शिट्टी हाय का अजून?"

होती. मला बोट चालवता येत नाही. पोहता येतं आणि ओरडता येतं. तेवढ्यावर माझी नेमणूक झाली.

*

बोट चालवायला बालाजी. मूळचा कुरुंद्याचा, ट्रॅक्टर चालवण्यात पटाईत. हळदीची भरलेली ट्रॉली उलटी घेत घेत गल्लीत घालील, पण भिंतीला ओरखडा पडणार नाही. त्यामुळे बोट त्याला दोन दिवसांत आली, असं आम्ही समजलो.

पहिल्याच फेरीत बोट पायऱ्यांकडे आली ती येतच राहिली. मी शिट्टी फुंकून फुंकून लाल झालो. बोट धाडकन पायरीवर आदळली आणि पुढच्या फळीवर बसलेले तीन व्यापारी एकमेकांच्या मांडीवर गेले. नशीब की कोणाला लागलं नाही. बालाजी मात्र उजवा पाय बोटीच्या तळावर जोर लावून दाबत उभा होता.

"बालाजी, काय करून राहिला?"

"ब्रेक दाबून राहिलो सर. लागतच न्हाई."

"बोटीला ब्रेक नसतो रे!"

त्यानं पाय उचलून खाली बघितलं. मग म्हणाला, "मंग हे आधी काहून न्हाई सांगितलं?"

काठापासून लांब एक लाल पिंप तरंगत ठेवलं. पिंप आलं की इंजिन बंद करायचं, हा नियम. महिनाभर रोज सकाळी रिकाम्या बोटीवर तालीम घेतली. आता बोट अशी हळूच टेकते की म्हाताऱ्या माणसाला कळतही नाही. पण त्याच्या उजव्या पायाखालचा रंग अजूनही उडतो. दर दोन महिन्यांनी तेवढाच तुकडा रंगवावा लागतो.

*

हळद शिजवायच्या दिवसांत सगळं गाव शेतात असतं, म्हणून एकदा आठवडाभर घाट बंद ठेवला. जाताना बोटी बांधल्या बालाजीनं. बांधल्या कशा, तर बैल बांधतात तशा. दावं आखूड, गाठ पक्की, म्हणजे जनावर दुसऱ्याच्या दावणीला जाणार नाही.

त्याच आठवड्यात कालव्याला पाणी सुटलं. धरणाचं पाणी खाली गेलं, बोटी कुठं जाणार? आठव्या दिवशी येऊन बघतो तर दोन्ही बोटींची नाकं वर पायरीतल्या लोखंडी कड्यांना टांगलेली आणि मागची बाजू पाण्यात.

नामदेवमामा तिथंच जाळं झटकत होते. धरणात पाणी आलं तेव्हापासून मासेमारी करणारा हा माणूस. त्यांनी दोन्ही बोटी नीट न्याहाळल्या आणि बालाजीला विचारलं, "चारा टाकला व्हता का?"

बालाजी दोन दिवस मामांसमोरून गेला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच गेला आणि दोर किती सैल सोडायचा ते शिकून आला.

*

आपल्या माणसाला शिस्त लावणं सोपं. पाहुण्यांना लावणं अवघड. एका रविवारी शहरातून तिघं जण स्वतःची स्पीडबोट ट्रॉलीवर घालून घेऊन आले. घाटाच्या बाजूला बायका धुणं धुतात, तिथून ते इतक्या वेगानं गेले की लाट थेट दगडांवर चढली. दोन लुगडी आणि गयाबाईची गोधडी पाण्यात गेली. मी शिट्टी मारली, तर त्यांनी हात हलवून मला टाटा केला!

गयाबाई सत्तरीची. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन तिनं गोधडी ओढून आणली, पुन्हा धुतली, पिळली आणि वर जाऊन त्यांच्या रिकाम्या ट्रॉलीवर वाळत घातली. शेजारी लिंबाच्या सावलीत बसली.

तिघं परत आले. "आजी, हे काढा ना, आम्हाला बोट चढवायची आहे."

"वाळली की काढते."

"अहो, किती वेळ लागेल?"

"चार पदराची हाय लेकरा. वेळ लागतो."

एकानं माझ्याकडे बघितलं. मी हात हलवून टाटा केला. तिघं उन्हात बसून राहिले. तासाभरानं त्यातला एक उठला आणि लवकर वाळावी म्हणून त्यानं गोधडी उलटी केली. तेव्हा गयाबाईनं त्याला प्यायला पाणी दिलं. जाताना त्यांची बोट काठापासून लांबून, अगदी सावकाश ट्रॉलीकडे आली.

*

आता जो किस्सा सांगतो, त्यात घाट खरंच बंद पडला असता.

कॉलेजची मुलं सहलीला आली होती. वागायला चांगली, जॅकेटं न सांगता घातली. अर्ध्या तासानं बोट परतली तर सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या बाटल्या. "सर, पाण्यात केवढा कचरा! आम्ही सगळा गोळा केला." त्यांनी त्या बाटल्यांसोबत फोटोसुद्धा काढला.

नामदेवमामांच्या जाळ्याला वर धरून ठेवणाऱ्या बाटल्या होत्या त्या! दोर कापून आणल्या होत्या. बालाजी पुढं बघून बोट चालवत होता, मागं काय चाललंय त्याला पत्ता नाही. तिकडं जाळं माशांसकट तळाला.

मामा आले ते हातात तक्रारीचा अर्ज घेऊन. "आजवर लई सोसलं. कधी लाटा, कधी गाणी, आज जाळंच गेलं. हा अर्ज म्या देणार."

बरोबर होतं त्यांचं. त्यांची चूल त्या जाळ्यावर. रुक्मिणबाईंनी अर्ज वाचला, परत दिला आणि म्हणाल्या, "द्या मामा. म्या आडवणार न्हाई. पण आधी जाळं काढू."

मग मुलांकडे वळून, "बसा बोटीत. ज्यानं बुडवलं त्यानं काढायचं."

दुपार गेली. मुलांचे हात सोलले, कपडे चिखलानं भरले, पण जाळं वर आलं. ज्या मुलीनं सगळ्यात जास्त बाटल्या गोळा केल्या होत्या, तीच एकेक बाटली परत बांधत होती. मामा तिच्याजवळ बसून गाठ शिकवत होते. अर्ज त्यांनी दिला नाही. फाडलाही नाही. खिशात ठेवलाय, म्हणतात.

*

दुसऱ्याच्या चुका सांगितल्या, आता माझी. माझ्याच जुन्या विद्यार्थ्यांची एक बॅच स्नेहमेळाव्याला जमली होती. पोटं सुटलेली, केस गेलेले, पन्नाशीकडे झुकलेली पोरं. बोट मध्यावर गेली आणि बगळ्यांचा थवा दिसला म्हणून सगळे उजवीकडे सरकले. बोट कलली. पायऱ्यांवरून मला काही सुचेना. शिट्टी फुंकली आणि तोंडातून सवयीनं निघालं, "सावधान!"

सगळेच्या सगळे बोटीत ताठ उभे राहिले.

बोट आता दोन्हीकडे डोलायला लागली. बालाजीचा उजवा पाय इतक्या लांबूनही दिसत होता. मी जीव एकवटून ओरडलो, "बैठ जाव!" सगळे एकदम खाली बसले. उतरल्यावर त्यातला एक मला म्हणाला, "सर, विश्राम दिला असता तरी चाललं असतं."

*

वर्षाची परवानगी संपत आली तेव्हा पाहणीला साहेब आले. अंगानं भरभक्कम, पुढच्या फळीवर एकटेच मावले. रुक्मिणबाईंनी जॅकेट पुढं केलं. साहेबांनी हातानंच बाजूला सारलं.

"मी काय पर्यटक आहे का? पाच मिनिटांत फिरून रिपोर्ट लिहायचाय. चला."

बालाजीनं इंजिन चालू केलं. रुक्मिणबाईंनी बोटीचा दोर कड्यातून काढला आणि स्वतःच्या हाताला दोन वेढे दिले. "जॅकेट घातल्याबगर दोर सुटत न्हाई, साहेब."

मागं गटाच्या दहा बायका उभ्या होत्या. कोणी हललं नाही. खरं सांगतो, मी घाबरलो. जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाई, एक फेरी जाऊ द्या."

"सर, आज यांना सोडलं, तर उद्या कोणत्या तोंडानं दुसऱ्याला आडवू?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, परवानगीवर सही कोणाची लागते, माहीत आहे ना?"

"तुमची, साहेब. सही तुमची, दोर माझा."

साहेब उठले. बोटीतून उतरले, पायऱ्या चढून गेले, गाडीत बसले आणि दार लावून घेतलं. बायका जागच्या जागी खाली बसल्या. बालाजीनं इंजिन बंद केलं. रुक्मिणबाई तेवढ्या उभ्या, दोर हातात. गाडी काही निघेना.

पाच-दहा मिनिटांनी दार उघडलं. एकटा ड्रायव्हर खाली उतरून आला. आजूबाजूला बघून त्यानं आवाज बारीक केला. "बाई, याच्यापेक्षा मोठ्या मापाचं जॅकेट हाय का?"

रुक्मिणबाईंनी दोराचा वेढा सोडला नाही.

"हाय. पण गाडीत न्यायचं न्हाई. घालायला त्यांनाच हितं यावं लागंल."