साहेब स्टेशनावर काय म्हणाला

तळेगावच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली तेव्हा बाबांनी डोक्यावरची कानटोपी हॅटसारखी दोन बोटांनी उचलली. टोपी कानांत अडकली, केस उभे राहिले, कंडक्टरसकट सगळे हसले. बाबा मात्र गंभीर. म्हणाले, "जा बाई. मांगं नोको पाहू. मी हावो इथंच." मी हसतही होते आणि रडतही होते, कारण ते वाक्य बाबांचं नव्हतं, साहेबाचं होतं.

साहेब म्हणजे हॉलिवूडच्या जुन्या, काळ्यापांढऱ्या सिनेमांतला एक देखणा नट. बाबा तहसील कचेरीत कारकून. नागपूरला गेले की त्याच्या सीडी घेऊन यायचे. भिंतीवरच्या फोटोतल्या निळ्या सुटानंतर आमच्या घरात कुठल्या सुटाला मान असेल तर तो साहेबाच्या. भुवई जराशी उचलून तो सिगारेट पेटवायचा. पावसात भिजला तरी त्याचा भांग मोडायचा नाही. आई आतून विचारायची, "याले कामधंदा करताना काऊन नाई दाखवत?" रविवारी जेवणं झाली की चटईवर मी बाबांच्या डाव्या बाजूला बसायचे आणि साहेबाचं एकेक वाक्य बाबा वऱ्हाडीत सांगायचे. धाकटा भाऊ पाच मिनिटांत क्रिकेट खेळायला पळायचा. म्हणून साहेब आम्हा दोघांचाच. स्टेशनावर तो नायिकेला निरोप देतो, तो सीन मी पुन्हा पुन्हा लावायला सांगायचे.

टोरोंटोतल्या पहिल्याच हिवाळ्यात तो सिनेमा लायब्ररीत सापडला. सबटायटल लावून बसले. स्टेशन आलं. साहेबानं हॅट उचलली आणि एक शब्दही बोलला नाही. गाडी हलायच्या आत पाठ फिरवून निघूनसुद्धा गेला. बाबांचं इंग्रजी फायलींपुरतं होतं. बाकीचं सगळं त्यांनी पदरचं घातलं होतं. मला राग आला तो साहेबाचा. हा मेला तिच्यासाठी थांबलादेखील नाही.

मग भावाचं लग्न झालं आणि प्रतिभा घरात आली. एका रविवारी व्हिडिओ कॉल लावला तर बाबांच्या डाव्या बाजूला ती, मांडीवर मेथीची जुडी, आणि बाबा तिला साहेब सांगताहेत. लिहायला लाज वाटते, पण माझा जळफळाट झाला. ती बाबांच्या गोळ्या सांभाळते, आईला दवाखान्यात नेते. तिचे उपकार मानायला हवेत, आणि मानतेही. पण ती जागा माझी होती. इतक्या लांबून मला एवढंच सुचलं: "प्रतिभा, मेथीत काड्या राहिल्यात." ती बिचारी परत निवडायला बसली.

गेल्या महिन्यात तिचा एकटीचाच फोन आला. "ताई, थो टेसनवर काय म्हन्ते हो? बाबा तेवढं सांगत नाई मले. म्हन्ते, थे माया पोरीले इचार."

वाक्य अगदी जिभेवर होतं. पण मी म्हटलं, "आठवत नाही गं आता." दिवसभर मी खुशीत होते. संध्याकाळी लाँड्री घडी करताना माझीच मला लाज वाटली, तरी फोन काही केला नाही.

माझ्यासारखं निघून आलेल्यांना वाटतं, आपली जागा घरचे रिकामी ठेवतील. चटई काय रिकामी राहते? तिच्यावर माणूस बसणारच, बसायलाच हवं. तिकडे राहिलेल्यांनी आमचं हे जळणं थोडं सोसून घ्यावं. दुसरं काही करायला आमच्या हातात उरलेलं नसतं.

प्रतिभा, हे तू वाचशीलच. वाक्य वर लिहिलं आहे, जसंच्या तसं. चटई तुझी, रविवार तुझे, साहेबही घेऊन टाक. फक्त ते वाक्य बाबांच्या तोंडून वदवून घेऊ नकोस. माझं घर आता तेवढंच उरलं आहे.