फ्लेव्हियाचा उपवासकाळ

मीरा रोडच्या कॉलेजात आम्ही क्रीडाशास्त्र शिकतो, म्हणजे खेळाडूने काय खावं हे पाठ करतो आणि स्वतः चहावर दिवस काढतो. प्रॅक्टिकलला दंडाची, पोटाची कातडी चिमट्यात धरून चरबी मोजायची असते. सर सगळ्यांचे आकडे मोठ्याने वाचतात. शास्त्रात लाजायचं नसतं म्हणे. माझा आकडा ऐकून मागचे बाक हसले. माझ्या मैत्रिणीचा, फ्लेव्हियाचा ऐकून सर म्हणाले, "ह्याला म्हणतात ॲथलीट बॉडी." त्यानंतर तिने डबा आणणं बंद केलं. आदर्श व्हायचं तर एवढं करावंच लागतं.

ती उत्तनची. वडिलांची बोट, घरात मासळीवाचून घास उतरत नाही. अशा घरात न जेवणं लपवायचं कसं? देव धावून आला आणि उपवासकाळ सुरू झाला. ईस्टरपर्यंत गावातली भाविक मंडळी मांसमच्छी सोडतात. फ्लेव्हियाने भातही सोडला, मग भाकरी, मग उरलंसुरलं. तिची आई, ॲग्नेसकाकू, चर्चमधल्या बायकांना मान ताठ करून सांगायची, "आमची पोर तर पाण्यावर हाय." फादरनी प्रवचनात तरुणांना तिचं उदाहरण दिलं. आधी सर, मग फादर. एवढं एकमत आपल्याकडे दुसऱ्या कशावर होतं?

दरम्यान तिचे केस गळायला लागले, पाळी बंद झाली, आणि 'खेळाडूंमधील आहारविकारांची लक्षणे' या प्रश्नाला तिला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. तपासणाऱ्याला वाटलं असणार, मुलीचा अभ्यास दांडगा आहे. मी काही विचारलं की ती म्हणायची, "उपास आहे यार, तेजश्री." त्यापुढे विचारायची कुणाची टाप?

ईस्टरला तिने मला घरी जेवायला बोलावलं. टेबलावर मैद्याचे तळलेले फुगे, मटणाचा रस्सा, पापलेट. काकूंनी पहिलं ताट तिचं वाढलं.

"खा गो. संपला उपास."

"मम्मी, मी अजून थोडे दिवस करते."

"आता कोणासाठी? देव उठला ना थडग्यातून."

फ्लेव्हियाने फुगा उचलला, परत ठेवला. "मला भूक लागते मम्मी. खूप लागते. पण खायची भीती वाटते."

मला रडू आवरेना, आणि सरांचा असा राग आला की समोर असते तर त्यांच्याच पोटाला चिमटा लावला असता.

तेवढ्यात सणाच्या शुभेच्छा द्यायला शेजारच्या टिनाबाई दारात आल्या. "कुठं हाय आमच्या गावची संत?"

एरवी या प्रश्नावर काकूंचा चेहरा फुलायचा. त्या उठून दारापाशी गेल्या.

"संत न्हाय, टिना. आजारी हाय माझी पोर. उपाशी मरत होती, आन् मी तिला गावभर मिरवत होती."