लाल का चंदेरी, आज काकांनी निकाल लावला

मंडळी, आपल्या या ऑनलाइन बाइक कम्युनिटीवर वर्षभर एकच भांडण चालू आहे. इटलीची स्पोर्ट्स बाइक लाल भरवशाची का चंदेरी. दोन्हीचे मालक औरंगाबादचे, अन् दोघंही मला रोज आपलीच घे म्हणतात.

पैसे सामायिक शेतीचे, म्हणून शब्द काकांचा. काका बैलसुद्धा दारात चालवून बघितल्याशिवाय घेत न्हाईत. म्हणाले, "गाडी बी तशीच बघू."

मंग आज दोघांना गाड्या घेऊन आमच्या गावी, हसनाबादला बोलावलं. वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी, अर्धी गल्ली ओट्यावर.

दोघं आले. एकाच जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर, डबलसीट.

लालवाला म्हणाला, "सकाळी चालूच झाली न्हाई." चंदेरीवाला म्हणाला, "माझी गॅरेजात आहे, पार्ट इटलीहून यायचाय."

काकांनी मला शंभर सीसीवरच चक्कर मारायला लावली, कान देऊन ऐकलं अन् म्हणाले, "हीच घे." वहिनीनं तिलाच कुंकू लावलं.

आता बघतो तर दोघं इथं कम्युनिटीवर परत भांडून राह्यलेत. माझं डोकं उठलंय. सल्ला द्या, पण आधी एवढं सांगा, तुमची स्वतःची आज सकाळी चालू झाली का?