कारंज्याजवळचा संशयास्पद ढग

वर्ध्याहून कारंज्याची सकाळची एसटी धरली. मांडीवर कॅमेरा, पायाशी ट्रायपॉड. ढग आणि त्यांच्याखालच्या जमिनीचे माणसाने काय करून ठेवले, याचे फोटो मी सध्या गोळा करते आहे. पंचविशीतही ढगांमागे लागले होते. तेव्हा नऊ खिशांचे जाकीट घालून वर बघत चालायची आणि एकदा तशीच कपाशीच्या सरीत आडवी झाले. आता खाली बघून चालते. ही अक्कल गुडघ्यांनी दिली.

स्टँडवर तर्री पोहे खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढून घेतले आणि ऑटोने गावाबाहेर आले. टेकडीच्या कुशीत पांढराशुभ्र ढग टेकला होता. मी खूश. ट्रायपॉड उघडते तोच मागून आवाज आला.

"मोजणी करून राह्यल्या का, आजी?"

वावरातून (शेतातून) आलेली सुमनबाई, हातात विळा. वर्ध्याहून ढगांचे फोटो काढायला आले म्हटले, तर तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

"काऊन, वर्ध्यात ढग नाई?"

मागे असेच तीन पायांचे यंत्र घेऊन माणसे आली आणि मग टेकडीवर गिट्टीची (खडीची) खदान झाली, असे तिने सांगितले. मी तिला कॅमेऱ्यातला ढग दाखवला. तिने कपाशीचे पान तोडून माझ्या तळहातावर पुसले. तळहात पांढरा.

ढग नव्हताच तो, धूळ होती. तिच्या दोन एकर कपाशीची वाट लागली होती. तक्रार केली तर खदानीचा मुनीम म्हणे, धुके आहे. दोन दिवसांनी चौकशीला साहेब येणार होते, आणि साहेब येतात त्या दिवशी खदान नेमकी बंद असते.

मला मुनीमाचा संशय आला. खोटे कशाला, थोडा सुमनबाईचाही. म्हणून तिच्या धुऱ्यावर (बांधावर) ठाण मांडले. दर पंधरा मिनिटांनी एक फोटो. एक वाजता खदान जेवायला थांबली. ढग विरला. दोनला यंत्रे धडधडली, ढग हजर. सुमनबाईने अर्धी भाकर माझ्यापुढे केली.

परतताना कारंज्यातच फोटो छापून घेतले, मागे वेळा लिहिल्या आणि तिच्याकडे पोचते केले. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. साहेबांनीही धुक्याचीच शंका काढली होती.

"मी म्हटलं, साहेब, जेवाच्या सुट्टीत घरी जाते, असं धुकं तुमी कुठं पाह्यलं?"

साहेबांनी पंचनामा केला, पाने पुडीत बांधली आणि फोटो मागितले. तिने झेरॉक्स दिली. फोटो आपल्याकडेच ठेवले.

फोन ठेवून मी भिंतीवरचा, पंचविशीत काढलेला माझा बक्षीस मिळालेला फोटो उतरवला. 'अस्पर्श आकाश' असे भारदस्त नाव दिले होते त्याला. छापताना खालची जमिनीची पट्टी मीच कापली होती. आता निगेटिव्ह शोधते आहे. त्या पंचविशीतल्या पोरीवर माझा काडीचा विश्वास नाही.