पात्याच्या मधलं भोक

माझं डोकं तापट आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या डोक्याला वाटायचं, आपलं गणित कधी चुकत नाही. हिंजवडीच्या एका कंपनीत मी कंपनांची गणितं करते. गोल चकती थरथरते कशी, हे साध्या साइन-कोसाइनमध्ये मावत नाही. त्याला विशेष फलनं, म्हणजे फंक्शन्स, लागतात. ती जोडीनं येतात. एक शहाणं. दुसरं माथेफिरू, वर्तुळाच्या मध्याशी गेलं की थेट अनंतात पळतं. खऱ्या चकतीचा मध्य काही अनंतात जात नाही, म्हणून कॉलेजपासून हाताला सवयच: दुसरं दिसलं की मारा काट.

रिह्याला, आमच्या गावी, धाकट्या भावाची लाकूड कापायची शेड. फार्महाऊसवाल्यांच्या दारं-खिडक्यांचं काम भरपूर. मी सुट्टीला गेले तेव्हा त्यानं विचारलं, "अक्का, ल्हान पुली टाकून गोल करवत जोरात फिरवू का? पातं सोसंल न्हवं?"

मी चहा पिता पिता आकडेमोड केली, सवयीनं काट मारली आणि म्हटलं, "बिनधास्त फिरव."

दुसऱ्या सकाळी पातं थरथरायला लागलं, किंचाळलं आणि फुटलं. एक तुकडा पत्रा फाडून बाहेर गेला. दुसऱ्यानं भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. भुसा लालभडक झाला. त्यात हात घालून बोटं शोधली ती मीच. दवाखान्यात ती जोडता आली नाहीत.

आबांचा, आमच्या वडलांचा, जन्म शेळ्यांमागं गेलेला. त्यांना एकच कळलं. "त्या मुडद्यानं पातंच खोटं दिलं. त्याला जित्ता सोडत न्हाई." मुडदा म्हणजे पौडचा दुकानदार.

आठव्या दिवशी आम्ही तिघं भाड्याच्या जीपनं पौडला निघालो. पुरावा म्हणून पात्याचा मधला तुकडा माझ्या मांडीवर. धक्के बसत होते, म्हणून मी त्याच्या भोकात बोट अडकवून तो धरला. बोट आरपार गेलं. अगं बये, मध्यभागी पोलादच नाही! तिथून दांडा जातो. माथेफिरू फलनाला अनंतात पळायला तिथं जागाच नव्हती. ते ठेवायलाच हवं होतं. मोबाईलवर गणित परत केलं. नवा वेग नेमका पात्याच्या स्वतःच्या थरथरीवर येऊन बसत होता; तसं झालं की पातं फुटतंच.

मी बोलले नाही. शेजारी भावाचा बांधलेला हात होता. भीती वाटली, दुसरं काही नाही.

आबांनी दुकानात शिरताच काठी घातली. दुकानदाराचं डोकं फुटलं. "आवो, पातं चांगलं व्हतं, आयशप्पथ!" दुसरा तडाखा पाठीत. भावानं पोटात लाथ घातली. मी दारात तुकडा घेऊन उभी. तिसरा तडाखा दुकानदारानं हातावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज आला.

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "आबा, थांबा! पातं चांगलं होतं. गणित माझं चुकलं."

भावानं डाव्या हातानं माझ्या कानाखाली जाळ काढला. "माजी बोटं गेली, अक्का!" म्हणाला आणि खाली बसून हमसून रडायला लागला. आबांनी काठी टाकली.

दुकानदार मोडका हात छातीशी धरून माझ्याकडं बघत होता. तोंडातलं रक्त थुंकून त्यानं विचारलं, "ताई, तुमाला हे कवा कळलं?"

"जीपमध्ये," मी म्हटलं.

त्यानंतर मला कुणीच मारलं नाही. मारायला हवं होतं.